मोजपट्टी कुणाच्या हातात?

डॉक्टर होऊ घातलेल्या पोरांना पेशंटशी बोलायला शिकायची कितपत इच्छा आहे, हे मोजायची एक पट्टी आहे. २००२ साली ब्रिटनमधल्या रीस, शेअर्ड आणि डेव्हिस या संशोधकांनी ती बनवली. नाव ‘कम्युनिकेशन स्किल्स ॲटिट्यूड स्केल’. एकूण २६ विधानं. १३ शिकण्याच्या बाजूची, १३ विरुद्ध. प्रत्येकापुढं पाच घरं, पूर्ण असहमतपासून पूर्ण सहमतपर्यंत. खुणा करा, बेरीज मारा, वृत्ती हातात! आपल्याकडच्या मेडिकल कॉलेजांतही ही पट्टी पोचली आहे.

दोस्तहो, या पट्टीशी माझं भांडण नाही. ती काय मोजते ते तिच्या नावातच आहे. बोलायला शिकण्याबद्दल विद्यार्थ्याला काय वाटतं, एवढंच. समोरच्या माणसाबद्दल काय वाटतं, हे ती विचारतच नाही. माझा सवाल आहे तो हे दोन्ही एकच मानणाऱ्यांना.

बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’त एक हकिगत नोंदवलीय. १९२९ सालची, काठेवाडातली. ‘यंग इंडिया’त पत्र म्हणून आलेली. एका अस्पृश्य शिक्षकाची बाळंतीण बायको आजारी पडली. डॉक्टर म्हणाला, वस्तीत येणार नाही, तिला बाहेर आणा. दोन रुपये फी ठरली. डॉक्टरनं थर्मामीटर एका मुसलमानाला दिला, त्यानं नवऱ्याला, नवऱ्यानं बायकोला. परत आला तोही त्याच वाटेनं. दिव्याच्या उजेडात पारा बघून डॉक्टरनं न्यूमोनिया सांगितला. बाई गेली.

आता सांगा, या डॉक्टरला बोलायची कला येत नव्हती म्हणून ती मेली काय? त्यानं अट नीट सांगितली, रोगाचं नाव सांगितलं. त्याच्यापुढं २६ विधानं ठेवली असती तर पठ्ठ्यानं बरोबर घरात खुणा करून चांगले मार्क मिळवले असते!

आजही बघा. सकाळी सरकारी ओपीडीत ‘ए म्हातारे, तोंड उघड’ म्हणणारा डॉक्टर संध्याकाळी खाजगी दवाखान्यात ‘या काकू, बसा’ म्हणतो. म्हणजे कला आहे. ती कुणासाठी बाहेर काढायची, हे कपडे, आडनाव आणि खिसा बघून ठरतं. याला कौशल्याचा अभाव म्हणणं ही साळसूद लबाडी आहे.

हां, एका डॉक्टरपुढं दोनशेची रांग असली की त्याचा जीव मेटाकुटीला येतो, हे मी मानतो. रिक्त जागा न भरणारं सरकार त्याच्या तोंडची माणुसकीही खातं. पण घाईत ‘तुम्ही’ म्हणायला ‘तू’पेक्षा किती वेळ जास्त लागतो?

२०१९ पासून एमबीबीएसला वृत्ती, नीती आणि संवाद हा विषय रीतसर लागू झाला. चांगलं झालं. पण वर्गात संवाद शिकवायचा आणि होस्टेलात जात, हे कसं चालेल? दिल्लीच्या एम्समध्ये दलित-आदिवासी विद्यार्थ्यांना कसं वेगळं पाडलं जातं, हे २००७ साली थोरात समितीच्या अहवालानं उघड केलं. शेजारच्या खोलीतल्या दोस्ताला माणूस न मानणारा वॉर्डातल्या बाईला काय माणूस मानणार?

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. पट्टी पेशंटच्याही हातात द्या. प्रश्न आमच्या आयांना विचारा, त्यांच्या बोलीत विचारा. डॉक्टर तुम्हाला काय म्हणून बोलला? हात लावून तपासलं का? काय झालंय ते कळेल असं सांगितलं का? ‘पोटात गोळा येतो’, ‘जीव घाबरा होतो’ म्हटल्यावर ऐकून घेतलं की हसला? उत्तर देताना अक्षरओळख लागणार नाही आणि उपचार बंद होण्याची भीती राहणार नाही, अशी सोय करा. मग दोन्ही बेरजा शेजारी शेजारी मांडा. कॉलेजच्या दारात लावा!

आणि आपल्यातून डॉक्टर होणाऱ्या पोरापोरींनो, तुमच्याही पुढं हा कागद येईल. जरूर भरा, खरा भरा. आणि खाली कोऱ्या जागेत लिहा: रोग्याला विचारलंत काय?