काटक दिसतो म्हणून साखर नाही?

बैल घेताना छातीचा घेर टेपने मोजून वजनाचा अंदाज काढणारी आपण माणसं. पण स्वतःच्या पोटाचा घेर विचारला तर पँटीचा नंबर सांगतो. तोही पोटाखाली बांधलेल्या पँटीचा!

गेल्या उन्हाळ्यात माझ्या कार्यक्षेत्रातल्या एका शेतकऱ्याच्या पायात तुरीचं धसकट घुसलं. दीड महिना जखम भरेना. तपासलं तर उपाशीपोटी साखर २४०. १२६ च्या वर गेली की मधुमेह समजतात. माणूस काटक, वजन ६० किलो, हातापायाच्या काड्या. पोट मात्र मोजलं तर ९२ सेंटिमीटर भरलं. त्याच्या ९० किलोच्या भावकीतल्या माणसालाही साखर आहे, पण ती वेळेवर सापडली. जाडा म्हणून जो तो त्याला 'तपासून घे' म्हणत होता. याला कुणी म्हटलंच नाही. दर आठवड्याला त्याच्या बांधावर जाणारा मीही नाही.

दोष नुसत्या वजनकाट्यावर विसंबण्याचा आहे. २००४ साली पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी लॅन्सेट या नियतकालिकात आपलीच मापं छापली. उंचीच्या मानाने वजन दोघांचं तंतोतंत सारखं, निर्देशांक २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२! ही ठेवण जन्मापासूनची असते. पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत याज्ञिकांच्या चमूने मोजलेली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साडेतीन किलोची. आपल्या बाळांत मांस कमी, चरबी मात्र त्या मानाने टिकून.

म्हणून आपल्याकडे पुरुषाला ९० आणि बाईला ८० सेंटिमीटरच्या पुढचं पोट धोक्याचं धरतात. माप शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून घ्यायचं. पोट आत ओढून नव्हे, बरं का!

साखर हा शहरी लोकांचा रोग, असं अजून पारावर ऐकू येतं. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीत ग्रामीण भागातही शंभरात जवळपास नऊ प्रौढांना मधुमेह निघाला.

आशाताई तिशीपुढच्या माणसांचा जो फॉर्म भरतात, त्यात कमरेच्या मापाचा रकाना आहे. बाप्ये लाजतात, ताईही संकोचतात आणि आकडा अंदाजाने पडतो. सरपंच आणि ग्रामसेवकांना माझं म्हणणं एवढंच, की येत्या ग्रामसभेला उपकेंद्राची माणसं बोलवा, पुरुषांचं माप पुरुषाने घ्यावं, आणि तिशीपुढच्या प्रत्येकाची, पोट सपाट असलं तरी, बोटातल्या थेंबावर साखर बघावी. पहिलं माप सरपंचांनी द्यावं. दुसरं मी देतो. माझं ९३ आहे, लपवत नाही.