घरचा संगणक : हॅकिंटॉशवर नवी प्रणाली चढवण्यापूर्वी



आपल्या वस्त्यांमधून आज अनेक घरांत संगणक आला आहे. कुणी मुलीच्या शिक्षणासाठी घेतला, कुणी मुलाच्या कामधंद्यासाठी. लग्नाचे व्हिडिओ जोडणे, गाण्यांचे रेकॉर्डिंग करणे, मोबाइलची ॲप तयार करणे ही कामे खोलीच्या एका कोपऱ्यात बसून करणारी मुले-मुली आता नवलाची राहिलेली नाहीत. यांतील काही कामांना ॲपल कंपनीचा मॅक लागतो. आयफोनची ॲप बनवण्याचे ‘एक्सकोड’ हे सॉफ्टवेअर मॅकखेरीज दुसऱ्या संगणकावर चालत नाही. मॅकची किंमत मात्र पगारदार माणसाला झेपणारी नसते. मग मुले मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारातून सुटे भाग आणतात, संगणक असेम्बल करतात आणि त्यावर मॅकची प्रणाली चढवतात. अशा संगणकाला ‘हॅकिंटॉश’ म्हणतात.

तो एकदा सुरळीत चालू लागला की घरात समाधान असते. पुढे एके दिवशी पडद्याच्या कोपऱ्यात ‘नवी आवृत्ती उपलब्ध आहे’ अशी सूचना येते, मुलगा बटण दाबतो आणि संगणक पुन्हा सुरू होत नाही. आत कुणाच्या तरी लग्नाचे चित्रीकरण अडकलेले असते. लग्न काही दुसऱ्यांदा लागत नाही, आणि गेलेले गिऱ्हाईकही सहसा परत येत नाही. म्हणून आजच्या सदरात याच विषयाची माहिती घेऊ.

हे मुळात चालते कसे?

ॲपलने २००५ साली जाहीर केले की यापुढे मॅकमध्ये इंटेलचे प्रोसेसर बसतील. २००६ च्या जानेवारीत तसे मॅक बाजारात आले. साध्या संगणकातही इंटेलच असल्यामुळे मॅकची प्रणाली त्यावर चालवण्याची वाट मोकळी झाली. पण ही प्रणाली सुरू होताना आपण खऱ्या मॅकवरच आहोत ना, याची तपासणी करते. कारखान्याच्या गेटवर पास पाहतात, तसाच हा प्रकार. हा पास दाखवण्याचे काम ‘ओपनकोअर’ नावाचा छोटा प्रोग्राम करतो. पूर्वी ‘क्लोव्हर’ वापरत असत. डिस्कच्या ईएफआय नावाच्या लहानशा भागात ओपनकोअर बसतो. संगणक चालू केला की आधी तो जागा होतो, ‘हा अमुक मॉडेलचा आयमॅक आहे’ असे सांगतो, ‘केक्स्ट’ म्हणजे जोडड्रायव्हर पुरवतो आणि मग मॅकची प्रणाली उठवतो. लिलू, व्हर्च्युअल-एसएमसी, व्हॉटएव्हरग्रीन ही त्यांतली नेहमीची नावे.

नवी आवृत्ती आली की तपासणीचे नियम बदलतात. जुना पास नव्या गेटवर चालेलच असे नाही. अपग्रेडमधल्या बहुतेक बिघाडांचे मूळ इथेच असते.

कायद्याची बाजू

ही गोष्ट पालकांनी आधीच समजून घ्यावी. मॅकच्या प्रणालीचा परवाना फक्त ॲपलच्या स्वतःच्या संगणकापुरता आहे. हॅकिंटॉश त्या कराराबाहेर पडतो, मग तो घरच्या वापरासाठी असला तरीही. अमेरिकेत सायस्टार नावाची कंपनी २००८ साली असे संगणक उघडपणे विकू लागली. ॲपलने त्याच वर्षी दावा लावला. २००९ मध्ये निकाल ॲपलच्या बाजूने लागला आणि २०११ मध्ये अपिलातही तो कायम राहिला. तेव्हा असे संगणक बनवून विकण्याच्या धंद्यात मुलांनी पडू नये. दुसरे असे की बिघाड झाला तर ॲपलचे सेवाकेंद्र मदत करणार नाही. जी काही दुरुस्ती करायची ती आपली आपणच करायची आहे.

बटण दाबण्यापूर्वी

पहिले काम : कामाच्या फायली बाहेरच्या डिस्कवर काढा. मॅकमधील ‘टाइम मशीन’ हे काम आपोआप करते. तरीही गिऱ्हाइकांच्या फायलींची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवावी. प्रत काढल्यावर त्यातील दोन-चार फायली उघडून पाहाव्यात. न उघडणारी प्रत असून नसल्यासारखीच.

दुसरे : ईएफआयचा पूर्ण फोल्डर एका पेनड्राइव्हवर उतरवा. पेनड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असावा. नंतर बायोसमध्ये जाऊन त्या पेनड्राइव्हवरून संगणक एकदा सुरू करून पाहा. उद्या आतला ओपनकोअर बिघडला तर ही चावी हाताशी राहील.

तिसरे : ओपनकोअर आणि सर्व केक्स्ट आधी नवे करा, प्रणाली नंतर. पुष्कळ जण नेमके उलट करतात आणि अडकतात. लिलू आणि त्यावर चालणारे केक्स्ट एकत्रच बदलावेत. एक नवा आणि एक जुना असे ठेवू नये. ओपनकोअरची आवृत्ती बदलली की कॉन्फिग फाइलमधील रकानेही बदलतात, म्हणून सोबतच्या नमुना फाइलशी ती ताडून पाहा. ओपनकोअरबरोबर ‘ओसी-व्हॅलिडेट’ नावाचे साधन येते, ते चुका दाखवते. हे सर्व आटोपल्यावर जुनी प्रणाली दोन-तीन दिवस वापरा. ती नीट चालली तरच पुढचे पाऊल टाका.

चौथे : आपले सुटे भाग नव्या आवृत्तीला चालतात का, ते पाहा. २०१८ च्या मोहावेपासून एनव्हिडियाच्या जीटीएक्स ९०० व १००० मालिकेतील कार्डांना ड्रायव्हरच मिळालेला नाही. २०२२ च्या व्हेंचुराला एव्हीएक्स-२ ही सोय असलेला प्रोसेसर लागतो. इंटेलच्या तिसऱ्या पिढीत व त्याआधी ती नव्हती. २०२३ च्या सोनोमातून जुन्या ब्रॉडकॉम वाय-फाय कार्डांचा आधार काढून टाकला गेला.

शक्य असेल तर एक वेगळी लहान एसएसडी घ्यावी, नवी आवृत्ती तिच्यावर चढवून पाहावी आणि कामाची डिस्क तेवढ्यापुरती काढून ठेवावी. या एका खबरदारीने निम्मी भीती जाते. अपग्रेड झाल्यावर मागे फिरण्याचे बटण नसते. जुनी आवृत्ती हवी असेल तर डिस्क पुसून ती नव्याने चढवावी लागते. लग्नसराईच्या ऐन हंगामात किंवा वीज जाण्याचा भरवसा नसलेल्या दिवशी हे काम मुळीच काढू नये.

अडले तर काय करावे?

अपडेटच दिसत नाही : निवडलेले मॅक मॉडेल नव्या आवृत्तीच्या यादीत नसते. उदाहरणार्थ, २०१७ चा आयमॅक सोनोमाच्या यादीत नाही, २०१९ चा आहे. मॉडेल बदलायचे तर त्याला जुळणारा नवा अनुक्रमांकही तयार करावा लागतो. कुणाचा आयता ईएफआय फोल्डर त्याच्या अनुक्रमांकासह उचलू नये. त्याने ॲपलच्या खात्यात लॉगिन करताना अडचणी येतात.

रीस्टार्ट झाल्यावर जुनीच प्रणाली उघडते : चढवण्याच्या कामात संगणक अनेकदा रीस्टार्ट होतो. दर वेळी ओपनकोअरच्या यादीत ‘मॅक-ओएस इन्स्टॉलर’ हेच नाव निवडायचे. ते नाव यादीतून गेले की काम पुरे झाले असे समजा. ‘एक मिनिट बाकी’ ही अक्षरे पुष्कळ वेळ तशीच दिसतात, घाईने वीज बंद करू नका.

वर्तुळात तिरपी रेघ दिसते : प्रणाली जागी झाली, पण तिला स्वतःची डिस्क किंवा पेनड्राइव्ह सापडत नाही. बहुधा यूएसबीचे पोर्ट नीट नोंदवलेले नसतात. मॅकची प्रणाली एका कंट्रोलरवर १५ पोर्टच मोजते. पेनड्राइव्ह दुसऱ्या पोर्टमध्ये लावून पाहा आणि पोर्टची नोंद, म्हणजे यूएसबी मॅप, नीट करून घ्या.

सफरचंदाखालची पट्टी थांबते : कॉन्फिग फाइलमधील बूट-आर्ग्युमेंटमध्ये ‘-व्ही’ घातले म्हणजे चित्राऐवजी ओळी दिसू लागतात. जिथे थांबेल तिथला मोबाइलने फोटो काढा. शेवटच्या ओळीतच दोष असतो असे नाही, वरच्या दहा-बारा ओळीही वाचा. त्याआधी ओपनकोअरच्या यादीतून ‘रीसेट एनव्हीरॅम’ एकदा करून पाहावे.

चालू होते, पण पडदा काळा : ग्राफिक्स कार्डाचा प्रश्न. केबल दुसऱ्या पोर्टला लावून पाहा, व्हॉटएव्हरग्रीन तपासा. कार्डाला ड्रायव्हरच नसेल तर कितीही रात्री जागवल्या तरी उपयोग नाही.

एका वेळी एकच बदल करावा आणि तो वहीत लिहून ठेवावा, हा साधा नियम येथे फार उपयोगी पडतो. चार गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने सुधारले आणि कशाने बिघडले, ते कळत नाही.

ही वाट पुढे संपते

आता पालकांसाठी महत्त्वाचे. २०२० साली ॲपलने इंटेल सोडून स्वतःचे प्रोसेसर बसवण्यास सुरुवात केली. जून २०२५ मध्ये कंपनीने जाहीर केले की ‘टाहो’ म्हणजे २६ ही आवृत्ती इंटेल मॅकसाठी शेवटची. ती सप्टेंबर २०२५ मध्ये आली. इंटेलपैकी तीत २०१९ चा मॅक प्रो, २०२० चा मोठा आयमॅक आणि मॅकबुक प्रोची दोन मॉडेले एवढीच बसतात. शिवाय ध्वनीचा जुना ड्रायव्हर तीतून काढल्यामुळे हॅकिंटॉशचा आवाज जातो. यूएसबीचे साउंड कार्ड लावून भागवता येते, पण ज्याचे पोट रेकॉर्डिंगवर आहे त्याने आधीच विचार करावा.

याचा अर्थ असा की सुरक्षेच्या दुरुस्त्या काही काळ मिळत राहतील, पण नवी आवृत्ती साध्या संगणकावर चढण्याचे दिवस सरले. म्हणून भविष्यनिर्वाह निधीतून किंवा पतसंस्थेच्या कर्जातून पैसे काढून आता नवा हॅकिंटॉश उभा करू नये. आहे तो नीट चालत असेल तर चालू द्या. सेटिंगमध्ये ‘सॉफ्टवेअर अपडेट’ या ठिकाणी जाऊन आपोआप चढणाऱ्या आवृत्त्या बंद करा. आवृत्ती जुनी होत गेली की बँकेचे व्यवहार मात्र त्या संगणकावर करू नका.

खरोखर मॅक लागतोच का, हेही एकदा मुलांशी बसून बोला. व्हिडिओ जोडण्यासाठी ‘डाव्हिन्ची रिझॉल्व्ह’ची मोफत आवृत्ती विंडोज आणि लिनक्सवरही चालते. चित्रांसाठी ‘गिम्प’ व ‘इंकस्केप’ आहेत आणि तीही फुकट. म्हणजे तोच डबा, तोच प्रोसेसर पुढेही कामाला येईल, भंगारात जाणार नाही. आयफोनची ॲप बनवणाऱ्याला मात्र खरा मॅक घेण्यावाचून गत्यंतर नाही. त्याने दर महिन्याच्या कमाईतून थोडे थोडे बाजूला टाकावे आणि ॲपलच्या स्वतःच्या प्रोसेसरचा लहान ‘मॅक मिनी’ घ्यावा. घरचा जुना पडदा, कीबोर्ड आणि माउस त्याला चालतात.

हॅकिंटॉश जमवता जमवता ज्या मुला-मुलींनी बायोस, ड्रायव्हर, डिस्कचे भाग आणि बिघाड शोधण्याची रीत शिकून घेतली, त्यांचे ते शिक्षण फुकट गेलेले नाही. संगणक दुरुस्ती आणि नेटवर्कच्या कामात हेच ज्ञान रोज लागते. ते हातात आहे तर त्याला प्रमाणपत्राची जोड द्या आणि कमाईची वाट धरा.

पुढील अंकात : जुन्या संगणकावर लिनक्स कसे चढवावे?