गेलेल्या उपकरणांची खाती

जुन्या पेढीच्या खातेवहीत अशी कितीतरी पाने असतात, ज्यांचे खातेदार व्यवहार संपवून केव्हाच निघून गेलेले असतात. शिल्लक शून्य असते, पण पान जागा अडवून बसलेले असते. घरातील संगणकाचेही तसेच आहे. त्याला एकदा जोडलेला माऊस, प्रिंटर किंवा पेन ड्राइव्ह काढून घेतला, तरी त्याची नोंद संगणक पुसत नाही. तेच उपकरण पुन्हा आले तर ओळख नव्याने करून घ्यावी लागू नये, हा त्यामागील हेतू. हेतू चांगलाच आहे. मात्र क्वचित प्रसंगी गेलेल्याचे पान आलेल्याच्या वाटेत उभे राहते.

सांगलीतील एका हळदीच्या व्यापाऱ्याच्या घरी दिवाळीच्या तोंडावर हेच घडले. घरातील सूनबाई हळद, मिरचीपूड आणि मेतकूट यांची पाकिटे करून विकतात. पाकिटाचे वजन इलेक्ट्रॉनिक काट्यावरून थेट संगणकात जाते आणि वजन छापलेले लेबल बाहेर येते. काटा जुन्या पद्धतीचा असल्यामुळे तो एका रूपांतरक केबलने यूएसबी पोर्टला जोडलेला. नेहमीचा पोर्ट सैल झाला म्हणून सूनबाईंनी केबल शेजारच्या पोर्टमध्ये लावली. काट्यावर २०० ग्रॅम दिसत होते. संगणकाच्या पडद्यावर मात्र शून्य.

दुरुस्तीला आलेला तरुण घाईत होता. "सगळं फॉरमॅट करून विंडोज नव्याने टाकू," तो म्हणाला, "तासाभराचं काम आहे."

त्याच संगणकावर आण्णांच्या पेढीचे आठ वर्षांचे हिशेब होते. जीएसटीच्या कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात. त्या हिशेबांची प्रत बाहेरच्या डिस्कवर शेवटची केव्हा घेतली होती, हे घरात कोणालाच आठवेना. सूनबाईंच्या पाकिटांची मागणी एकीकडे आणि पेढीच्या वह्या दुसरीकडे, असा पेच पडला. आण्णा शांतपणे म्हणाले, "आज काहीही पुसायचं नाही. काय बिघडलंय ते आधी बघू."

संध्याकाळी महाविद्यालयातून आलेला नातू संगणकापुढे बसला. त्याने प्रथम हिशेबाच्या सर्व फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरवल्या आणि त्यांतील दोन-तीन फाइली आपल्या लॅपटॉपवर उघडून पाहिल्या. कारण न तपासलेली प्रत ही प्रत असल्याचा केवळ समज असतो. मग त्याने विंडोजचा 'रिस्टोअर पॉइंट' तयार केला. पुढे काही चुकले तर विंडोजची मांडणी या बिंदूपर्यंत मागे नेता येते. मात्र हिशेबाच्या फाइली त्यात जपल्या जात नाहीत, म्हणून त्यांची प्रत वेगळी घ्यावी लागते.

त्यानंतर त्याने 'डिव्हाइस मॅनेजर' उघडले. तेथे एरवी केवळ हजर उपकरणे दिसतात. 'व्ह्यू' या मेनूतील 'शो हिडन डिव्हायसेस' निवडताच पडद्यावर फिकट चिन्हांची रांग उमटली. दोन वर्षांपूर्वी मोडीत गेलेला प्रिंटर, तीन माऊस, कोणाकोणाचे पेन ड्राइव्ह, जुना मॉनिटर. घरातून गेलेली सारी उपकरणे तेथे नावानिशी नांदत होती. 'पोर्ट्स' या गटात तीच केबल दोनदा दिसली. एक ठळक, 'कॉम ७' या क्रमांकाची. दुसरी फिकट, 'कॉम ३' या क्रमांकाची.

कारण आता स्पष्ट झाले. ज्या उपकरणाच्या आत स्वतःचा अनुक्रमांक कोरलेला नसतो, ते कोणत्या पोर्टला लावले आहे यावरून विंडोज त्याची ओळख ठरवते. पोर्ट बदलला की तेच उपकरण त्याला नवे वाटते आणि ते नवा कॉम क्रमांक देते. जुना क्रमांक जुन्या नोंदीच्या नावे राखून ठेवलेला असतो. लेबलाचा प्रोग्राम मात्र वर्षानुवर्षे 'कॉम ३' कडेच वजन मागत होता आणि तेथे आता कोणीच नव्हते.

नातवाने फिकट नोंदीवर उजवी कळ दाबून 'अनइन्स्टॉल डिव्हाइस' निवडले. तेव्हा संगणकाने आणखी एक विचारणा केली: या उपकरणाचा ड्रायव्हरही काढून टाकायचा का? येथे तो थबकला. ड्रायव्हर म्हणजे उपकरणाशी बोलण्याची भाषा. नवी नोंद त्याच केबलची, म्हणून भाषाही तीच. तो चौकोन त्याने रिकामाच ठेवला आणि केवळ नोंद काढली. मग ठळक नोंदीच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'पोर्ट सेटिंग्ज' व पुढे 'अॅडव्हान्स्ड' येथे जाऊन ७ च्या जागी मोकळा झालेला ३ क्रमांक दिला. केबल काढून पुन्हा लावली, संगणक एकदा बंद करून सुरू केला. सूनबाईंनी काट्यावर पाकीट ठेवले आणि पडद्यावर २०० ग्रॅम उमटले.

यशामुळे नातवाला हुरूप आला. "आता ही सगळीच फिकट नावं उडवून टाकतो," तो म्हणाला. आण्णांनी चष्मा लावून यादी पाहिली आणि विचारले, "हा प्रिंटर तर वरच्या खोलीत आहे ना? आज फक्त बंद आहे."

आण्णांचा प्रश्न रास्त होता. फिकट चिन्हाचा अर्थ 'या क्षणी जोडलेले नाही' इतकाच. कपाटातील पेन ड्राइव्ह, बंद ठेवलेला प्रिंटर, कधीतरी वापरला जाणारा हेडफोन हेही फिकटच दिसतात. बहुधा अशी नोंद चुकून गेली तर उपकरण जोडताच ती पुन्हा तयार होते; पण 'सिस्टिम डिव्हायसेस', 'सॉफ्टवेअर डिव्हायसेस' आणि 'शॅडो कॉपीज' या गटांतील फिकट नावे विंडोजच्या स्वतःच्या कामाची असतात. त्यांना हात लावू नये. एका दाबात सारी 'रजिस्ट्री' स्वच्छ करण्याचे आश्वासन देणाऱ्या प्रोग्रामांपासूनही दूर राहावे. खुद्द मायक्रोसॉफ्ट अशा प्रोग्रामांचे समर्थन करत नाही. या नोंदी काढल्याने संगणक वेगवान होतो, हाही गैरसमज आहे. गैरहजर उपकरणाची नोंद वेग खात नाही. वेग खातो तो जुन्या प्रिंटरसोबत आलेला आणि संगणक सुरू होताच आपोआप जागा होणारा प्रोग्राम. तो सेटिंग्जमधील 'अॅप्स'च्या यादीतून काढावा.

त्या रात्री नातवाने मोडीत गेलेल्या प्रिंटरची नोंद, त्याचा प्रोग्राम आणि जुन्या मॉनिटरची नोंद एवढेच काढले. प्रत्येक नावापुढे आण्णा एकच प्रश्न विचारत होते: "ही वस्तू घरात आहे का?" ज्याचे उत्तर ठामपणे 'नाही' आले, तेच गेले. बाकीचे राहिले आणि त्यांच्यापासून कोणाला उपद्रवही झाला नाही.

मुनिराजांच्या आचारातील पाच समितींपैकी एक आदाननिक्षेपण समिती आहे. कमंडलू असो वा शास्त्र, वस्तू उचलताना आणि ठेवताना आधी डोळ्यांनी पाहायचे, मग पिच्छीने हळुवार परिमार्जन करायचे. पाहणे आधी, झाडणे नंतर. कारण न पाहता झाडलेल्या जागी जीव असू शकतो. श्रावकाच्या घरातील यंत्राला जीव नसतो, पण त्यात घरच्या माणसांचे श्रम साठवलेले असतात. त्यांच्या बाबतीतही हा क्रम उलटा करून चालत नाही.

दुसऱ्या दिवशी सूनबाईंनी केबलला कागदाची एक पट्टी चिकटवली: 'काटा. याच पोर्टला लावावी.' आणि आण्णांनी रोजमेळाच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले: 'दर महिन्याच्या १ तारखेस डिस्कवर प्रत घेणे, उघडून पाहणे.'