संधानकर्म : वारसा आणि विवेक

शल्यतंत्राचा विषय निघाला की आपण अभिमानाने नासासंधानाचा उल्लेख करतो, आणि ते योग्यच आहे. सुश्रुताचार्यांनी गालाची त्वचा मुळाशी जोडलेली ठेवून नाकावर बसविण्याची रीत सांगितली. टिपूच्या कैदेत नाक गमावलेल्या कावसजी या गाडीवानावर पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतील एका कारागिराने कपाळाच्या त्वचेने तेच कर्म केले. लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझीन'ने ऑक्टोबर १७९४ मध्ये त्याचा वृत्तान्त छापला, आणि १८१४ मध्ये कार्प्यू या इंग्रज शल्यविशारदाने ती पद्धत अनुसरली. रक्तपुरवठा टिकला तरच संधान टिकते, हे या विद्येचे मर्म आहे.

परंतु केवळ वारसा सांगून आपले कर्तव्य संपत नाही. गुटख्यावर २०१२ पासून बंदी असूनही चाकणच्या कारखानदारी पट्ट्यात तंबाखू-गुटख्याचे व्यसन जडलेले रुग्ण आपल्यापुढे येतातच. मुखाच्या कर्करोगात गाल वा जबडा काढल्यावर मोठा व्रण उरतो. किरणोपचाराने तेथील सूक्ष्म रक्तवाहिन्या क्षीण झालेल्या असल्यास तो केवळ तेलाने वा पातळ त्वचारोपणाने भरत नाही. तेथे छातीचा स्नायू किंवा मांडीची त्वचा स्वतःच्या रक्तवाहिन्यांसह आणून बसवावी लागते. यालाच फ्लॅप म्हणतात.

असा रुग्ण घरी परतल्यावर 'जखम भरण्याचे तेल' मागत वैद्यांकडे वा औषधी दुकानात येतो. आमचे स्पष्ट मत असे की, शल्यचिकित्सकाच्या संमतीवाचून फ्लॅपवर तेल, लेप वा शेक यांपैकी काहीही योजू नये. फ्लॅप काळानिळा वा फिकट, थंड दिसल्यास, रक्तस्राव वा दुर्गंध असल्यास रुग्णास त्याच क्षणी रुग्णालयात पाठवावे. महिनोन्‌महिने न भरणारा व्रण हा रोगाच्या पुनरुद्भवाचा संकेत असू शकतो, हेही विसरू नये.

मग आपल्या हाती काय उरते? तंबाखू सोडविणे, मुखाची स्वच्छता, बल टिकविणारा आहार आणि खचलेल्या मनास धीर. हे कार्य लहान नव्हे. औषधविक्रेत्या बंधूंनी कर्करोग बरा करण्याची जाहिरात १९५४ च्या कायद्याने निषिद्ध आहे, हे ध्यानी ठेवावे.

नोव्हेंबर २०२० च्या राजपत्रातील ५८ शल्यकर्मांवरून अधिकाराचा वाद पुष्कळ झाला. कर्तव्याची चर्चाही तितक्याच आवेशाने व्हावी. व्रणाचे साठ उपक्रम सांगणाऱ्या आचार्यांनी साध्यासाध्यविवेकही शिकविला आहे. तो पाळणे हाच त्यांचा खरा गौरव होय.