गिझरच्या झडपेचे तोंड बांधू नका

थंडी पडली की घरोघरी गिझर सुरू होतात आणि त्याबरोबर तक्रारीही सुरू होतात. कुणाकडे पाइप धडधडतो, कुणाचा नळ घुमतो, कुणाच्या गिझरखालून सुर्र आवाज करीत पाणी ठिबकते. विहाराच्या कामानिमित्त वस्तीत फिरताना हे आम्ही नेहमी ऐकतो. त्यावर केले जाणारे काही उपाय मात्र काळजी वाटावी असे असतात. ठिबकणाऱ्या झडपेत कुणी लाकडी खुंटी ठोकतो, कुणी एम-सीलचा गोळा थापतो. आवाज थांबतो, ठिबक थांबते, घरची मंडळी निश्चिंत होतात. वाचकहो, ही निश्चिंती धोक्याची आहे.

ती झडप का ठिबकते, हे आधी समजून घेऊ. पाणी तापले की फुगते. २५ लिटरच्या टाकीतले पाणी २० अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापले, तर ते सुमारे दीड टक्क्याने, म्हणजे जवळजवळ पावणेचारशे मिलिलीटरने वाढते. एवढे पाणी जाणार कुठे? नळ बंद असतो आणि थंड पाण्याच्या वाटेवर पाणी उलट जाऊ न देणारी झडप असते. टाकीतला दाब वाढत जातो. ठराविक मर्यादेला सुरक्षा झडप किंचित उघडते आणि थोडे पाणी बाहेर सोडते. पाणी तापताना पडणारे चार थेंब हा बिघाड नव्हे. ते तिचे कामच आहे.

तिचे तोंड बांधले आणि त्यातच थर्मोस्टॅट व कटआउट निकामी झाले, तर पाणी शंभर अंशांच्याही वर तापते. दाबामुळे ते उकळत नाही, पण टाकी फुटताच त्यातल्या काही पाण्याची क्षणात वाफ होते. वाफेला पाण्याच्या सुमारे सोळाशे पट जागा लागते. चार बाय चारच्या न्हाणीघरात याचा परिणाम काय होईल, ते सांगायला नको.

आता आवाजांकडे वळू. प्रत्येक आवाजाचे कारण वेगळे असते.

नळ झटकन बंद करताच पाइपात ‘धाड्’ असा ठोका बसत असेल, तर वाहते पाणी एकदम अडल्याचा तो धक्का आहे. नळ सावकाश बंद करावा आणि सैल पाइपाला भिंतीवर क्लॅम्प मारून घ्यावा.

नळ अर्धवट उघडल्यावर घुमत असेल, तर बहुधा आतला वायसर झिजलेला किंवा सैल असतो. थोडक्या पैशांत तो बदलून होतो.

गिझरच्या पोटात खदखद ऐकू येत असेल, तर कॉइलवर क्षारांचा थर बसला असावा. बोअरच्या जड पाण्यात हे लवकर होते. टाकी वेळोवेळी साफ करून घ्यावी आणि थर्मोस्टॅट ६० अंशांच्या वर ठेवू नये. विजेचे बिलही कमी येईल.

गिझर बंद आहे, पाणी गार आहे, तरीही सुरक्षा झडप सतत गळत असेल, तर मात्र झडपेत कचरा अडकला आहे, ती खराब झाली आहे किंवा इमारतीच्या पाण्याचाच दाब जास्त आहे.

हा शेवटचा मुद्दा आज आपल्या अनेक कुटुंबांना लागू आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतील ५५६ कुटुंबांना पुनर्विकासातली नवी घरे मिळाली. सामायिक संडासांच्या चाळीतून माणसे उंच इमारतीत गेली, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु उंच इमारतीचे पाणी वेगळे वागते. गच्चीवरच्या टाकीपासून दर दहा मीटर खाली सुमारे एक बार दाब वाढतो. म्हणून खालच्या मजल्यांवर झडपा अधिक बोलतात. गिझर घेताना त्यावर आयएसआय चिन्ह आणि दाबाचा आकडा पाहावा. दाब फार असेल तर सोसायटीच्या सभेत विषय काढून दाब कमी करणारी झडप बसवून घ्यावी.

सुरक्षा झडप बदलण्याचे काम जाणत्या प्लंबरचे आहे. पण तीन गोष्टी घरातल्या बाईमाणसाने, पोराबाळांनीही पाहून घ्याव्यात. नवी झडप गिझरला ठरवून दिलेल्या दाबाचीच हवी. टाकी आणि झडप यांच्यामध्ये कॉक नको. झडपेच्या ठिबक नळीचे तोंड खाली आणि उघडे हवे. काम सुरू होण्याआधी गिझरचा मेन स्विच बंद करावा, पाणी गार होऊ द्यावे, थंड पाण्याचा कॉक बंद करावा आणि गरम पाण्याचा नळ उघडून दाब काढून टाकावा.

३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ सुरू केला, तो मुक्यांना वाचा देण्यासाठी. आवाज दाबला म्हणून दुखणे जात नाही, हे आपल्याला दुसऱ्या कुणी शिकवायला नको. घरातली झडप बोलू लागली तर ती का बोलते, एवढे आधी विचारावे.

येत्या रविवारी आपल्या गिझरखाली एकदा वाकून पाहा. झडपेत खुंटी दिसली तर ती उपटायला जाऊ नका. मेन स्विच बंद करा आणि प्लंबरला बोलवा. दोन दिवस पाणी गॅसवर तापवावे लागले तरी चालेल.

जय भीम!