रंग खरवडण्याआधी थांबा

जुन्या इलेक्ट्रिक गिटारी जमवणाऱ्यांचा एक शिरस्ता आहे. गिटार हातात आली की ते आधी ती उजेडात तिरकी धरतात आणि तिचा रंग पाहतात. कडेचे उडालेले टवके, पिवळसर पडलेला पांढरा रंग, पृष्ठभागावर पसरलेल्या केसासारख्या बारीक तडा हे सगळे त्यांना हवे असते. एकाच कारखान्यातून एकाच वर्षी बाहेर पडलेल्या दोन गिटारींपैकी एकीचा रंग मूळचा असेल आणि दुसरीला कुणी हौसेने नवा रंग दिला असेल, तर दुसरीची किंमत साधारण निम्म्यावर येते. चकचकीत वस्तू स्वस्त आणि टवके उडालेली महाग! वाचणाऱ्याला हा श्रीमंतांचा चाळा वाटेल, आणि बऱ्याच अंशी तो आहेही. पण 'मूळ रंगाला हात लावू नका' हा त्यांचा हट्ट आरोग्याच्या दृष्टीने शहाणपणाचा आहे. ज्यांनी आयुष्यात इलेक्ट्रिक गिटार पाहिली नाही, त्यांनीही तो उचलावा असे माझे मत आहे.

आधी हे रंग कुठून आले ते पाहू. अमेरिकेतील फेंडर कंपनीने १९५४ मध्ये 'स्ट्रॅटोकास्टर' ही गिटार बाजारात आणली. नेहमीच्या तपकिरी-पिवळ्या छटेऐवजी वेगळा रंग हवा असेल, तर कंपनी पाच टक्के जादा आकारत असे. हे खास रंग गिटारीसाठी बनवलेले नव्हते. ते मोटारींचे होते. 'फिएस्टा रेड' हा लाल रंग १९५६ च्या फोर्ड थंडरबर्ड मोटारीचा. ड्यूपाँ कंपनीचे मोटारींसाठीचे रंगाचे डबे गिटारीच्या कारखान्यात येत आणि फवाऱ्याने लाकडावर चढत. जादा पैसे मोजून रंग घेणारे थोडे होते, म्हणून अशा गिटारी आज दुर्मिळ आहेत.

ड्यूपाँच्या या रंगांपैकी एकाचे नाव 'ड्यूको'. आपल्याकडचे सुतार आणि गॅरेजवाले आजही फवाऱ्याने मारलेल्या रंगाला 'ड्यूको' म्हणतात, ते तिथूनच आले. त्यातला मुख्य घटक नायट्रोसेल्युलोज. कापसावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून तो बनतो. याच कुळातला पदार्थ बंदुकीच्या दारूतही वापरतात. तो थिनरमध्ये विरघळतो, थिनर उडून गेला की कोरडा पातळ थर मागे उरतो. काळाबरोबर हा थर पिवळा पडतो, ठिसूळ होतो. गिटार थंडीतून एकदम उबेत आली की लाकूड आणि रंग वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात आणि रंगाला तडा जातात. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी काही लाल रंगद्रव्ये उडून जातात. गिब्सन कंपनीच्या १९५८ ते १९६० या काळातील लेस पॉल गिटारींवरचा लालसर पट्टा कित्येक ठिकाणी असाच फिका होऊन मधासारखा पिवळा उरला आहे. संग्राहक ज्याला सौंदर्य म्हणतात, ते रसायनशास्त्राच्या भाषेत विघटन आहे.

या छंदातला एक समज मात्र तपासून घ्यायला हवा. 'जुन्या पातळ रंगामुळे लाकूड श्वास घेते, म्हणून आवाज गोड येतो,' असे विक्रेते सांगतात. सतारीच्या किंवा साध्या गिटारीच्या पातळ तबकडीबाबत जाड थराचा परिणाम होऊ शकतो, कारण तिथे लाकूडच कंप पावून आवाज देते. भरीव लाकडाच्या इलेक्ट्रिक गिटारीत मात्र पोलादी तारेची थरथर चुंबक आणि तांब्याच्या वेटोळ्यात विद्युतसंकेत निर्माण करते. तिथे रंगाच्या थराला आवाजाचे श्रेय देणे कठीण आहे. मूळ रंग जपायचा तो इतिहासाचा पुरावा म्हणून. आणि त्याहून मोठे कारण म्हणजे, तो काढताना हवेत काय उडते ते.

विसाव्या शतकाच्या मध्यात मोटारींच्या पिवळ्या, नारिंगी, लाल रंगांत लेड क्रोमेटसारखी शिशाची संयुगे सर्रास असत. पांढऱ्या तैलरंगातही शिसे होते. थर जागेवर घट्ट बसलेला असेल तोवर धोका कमी. पॉलिश पेपर फिरला की त्याची पूड होते. ती बोटांना लागते, चहाच्या कपावर बसते, कारागिराच्या कपड्यांवरून घरी जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाचे सुरक्षित असे कोणतेही प्रमाण ज्ञात नाही. पोटात गेलेल्या शिशापैकी लहान मुलांचे शरीर मोठ्या माणसाच्या चार ते पाच पट शिसे शोषते. ते हाडांत साठून वर्षानुवर्षे राहते. मुलांची बुद्धी आणि लक्ष देण्याची क्षमता त्यामुळे कायमची घटू शकते, मोठ्यांचा रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडे बिघडतात. युनिसेफ आणि 'प्युअर अर्थ' यांच्या २०२० च्या अहवालानुसार जगातील सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण दर डेसिलिटरला पाच मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक आहे, आणि त्यांतील फार मोठा वाटा भारताचा आहे.

फक्त शिसेच नाही. लाकडाच्या धुळीला कर्करोगविषयक आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. थिनरमधील टोल्यूइनच्या वाफेने डोके दुखते, चक्कर येते. रोजच्या संपर्कात मज्जासंस्थेवर परिणाम होतो. जुना रंग काढून वर जे 'पीयू' पॉलिश फवारतात, त्याच्या हार्डनरमधील आयसोसायनेटमुळे कायमचा दमा जडू शकतो. तोंडाला रुमाल बांधून यातले काहीच अडत नाही. एन-९५ मास्क धूळ अडवतो, वाफ नाही. वाफेसाठी कोळशाची डबी असलेला मास्क लागतो.

आता प्रश्न असा की, केडगावात फेंडर गिटार किती जणांकडे असणार? फारच थोड्यांकडे. आयातीवर निर्बंध होते त्या काळात परदेशी गिटार म्हणजे मुंबईच्या फिल्म स्टुडिओतील वादकांकडे, किंवा कुणी बोटीवरून आणलेली. नगरसारख्या शहरांतील ऑर्केस्ट्रांना परवडत त्या कोलकात्यात बनलेल्या गिटारी. ऑर्केस्ट्रा बंद पडले आणि यातल्या कितीतरी गिटारी माळ्यावर गेल्या. शिवाय जुना रंग फक्त गिटारीवरच नसतो. भजनी मंडळाची पेटी, तबल्याची लाकडी खोकी, देवघर, पाळणा, आजोबांची आरामखुर्ची यांच्यावर कित्येक वर्षांत चढलेले रंगाचे थर आहेत. केडगावच्या रेणुकामातेचे नवरात्र जवळ आले किंवा गणपती तोंडावर आले की घराघरात 'पेटीला जरा रंग मारून घेऊ' सुरू होते. दाराबाहेर ओट्यावर कोरडेच घासकाम चालते, शेजारी मुले खेळत असतात. ती पूड अंगणातल्या मातीत जाते. आणि शिसे मातीत कुजत नाही, विरत नाही.

कायदा इथे अपुरा पडतो. केंद्र सरकारच्या २०१६ च्या नियमांनुसार घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा अधिक असता कामा नये. १ नोव्हेंबर २०१७ पासून हे बंधन लागू झाले. चांगलेच झाले. पण हा नियम नव्या डब्यासाठी आहे. आधीच लाकडावर बसलेल्या रंगाला तो विचारत नाही, आणि तो खरवडणाऱ्या पेंटरलाही नाही. मालकाला हवी असते नवी चकाकी. तिची खरी किंमत चुकवतात पेंटरची फुप्फुसे आणि त्याच्या घरची मुले.

यावरचा उपाय आपल्याच परंपरेत आहे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. अशा वाद्यांवरचे पारंपरिक पॉलिश म्हणजे चपडा, लाखेच्या किड्यापासून मिळणारी राळ स्पिरिटमध्ये विरघळवून केलेले. हीच लाख शुद्ध करून औषधाच्या गोळ्यांवर आणि मिठायांवर आवरण म्हणूनही वापरतात. चपड्याचा गुण असा की नवा हात मारताना त्यातले स्पिरिट जुन्या थराला किंचित विरघळवते आणि दोन्ही एकजीव होतात. जुने खरवडावे लागत नाही. नायट्रोसेल्युलोजचेही तसेच. पॉलिएस्टर आणि पीयू मात्र एकदा घट्ट झाले की पुन्हा विरघळत नाहीत. दुरुस्ती म्हणजे घासणेच. दुरुस्त होऊ शकणारे आवरण सोडून आपण न दुरुस्त होणारे निवडले, आणि त्याला प्रगती म्हटले.

म्हणून साधे नियम पाळावेत. जुने वाद्य मळले असेल तर किंचित ओल्या मऊ फडक्याने पुसावे आणि लगेच कोरडे करावे. आधी कोपऱ्यात तपासून पाहावे. नायट्रोसेल्युलोजच्या गिटारीला रबराच्या किंवा स्वस्त प्लास्टिकच्या स्टँडवर ठेवू नये; त्यातील रसायन रंगाला चिकट करते. नगरला उन्हाळ्यात पारा चाळिशीवर आणि हिवाळ्यात पहाटे दहाच्या आसपास जातो, तेव्हा पत्र्याखालच्या माळ्यापेक्षा आतल्या खोलीतली भिंत बरी. रंग सुटून पडत असेल, तर तो मूळचा आहे म्हणून कौतुक करत बसू नये. असे वाद्य लहान मुलांच्या हाती देऊ नये, वाजवल्यावर हात साबणाने धुवावेत आणि सुटणाऱ्या जागेवर जाणकाराकडून वरून पातळ लेप द्यावा. खरवडणे टाळताच येत नसेल, तर पृष्ठभाग ओला ठेवून, मुलांपासून दूर, योग्य मास्क लावून करावे. खाली कागद अंथरावा, पूड झाडू नये, ओल्या फडक्याने उचलावी. आयटीआयच्या सुतारकाम आणि रंगकामाच्या प्रशिक्षणात इतके शिकवणे अवघड नाही, आणि महापालिकेने पेंटरांसाठी एखादे मोफत रक्ततपासणी शिबिर घेणेही अवघड नाही.

माळ्यावर एखादी जुनी गिटार असेल, तर ती जपण्यात दुहेरी फायदा आहे. अतिनील दिव्याखाली नायट्रोसेल्युलोज पिवळसर-हिरवट आणि चपडा नारिंगी चमकतो, त्यामुळे जाणकाराला मूळ थर चटकन ओळखता येतो, नंतर मारलेला रंगही. एकदा खरवडला की तो पुरावा कोणत्याही पैशाने परत येत नाही. आणि कारागिराच्या रक्तात गेलेले शिसेही सहजासहजी बाहेर येत नाही. वाद्याच्या अंगावरचे ओरखडे तसेच राहू द्या. त्याने सुराचे काही बिघडत नाही.