देशी कशाला म्हणावयाचे?

फेब्रुवारी उजाडला की अमरावती-अकोल्याच्या कचेऱ्यांत व बँकांत सहकाऱ्यांना कार्डे आणि चॉकलेटे देण्याची टूम आता रुळली आहे. 'व्हॅलेंटाइन'चे नाव काढताच संस्कृतिरक्षक खवळतात, कार्डांच्या होळ्या करतात. त्या त्राग्यात आम्हांस सामील व्हावयाचे नाही. महिन्यापूर्वीच ज्याने सहकाऱ्याच्या हातावर तिळगूळ ठेवला, त्याने चॉकलेट दिल्याने संस्कृती बुडत नाही. प्रश्न अर्थकारणाचा आहे.

देशी मालच घ्यावा, असा आपल्या काही कार्यकर्त्यांचा आग्रह असतो. आग्रह योग्यच, परंतु देशी कशाला म्हणावयाचे? कॅडबरी १९४८ पासून भारतात आहे, तिचा माल येथील कामगारच तयार करतात. मालकी मात्र २०१० मध्ये अमेरिकेच्या क्राफ्टकडे गेली व आज ती माँडेलीझकडे आहे. नाशिक जिल्ह्यातील रावळगावच्या गोळ्या अस्सल देशी. त्यांच्या नाममुद्रा २०२४ मध्ये रिलायन्सच्या कंपनीने २७ कोटी रुपयांना घेतल्या. भांडवल देशीच राहिले, मक्तेदारीचा विळखा मात्र वाढला. याउलट कर्नाटक-केरळातील सुपारी व कोको उत्पादकांच्या 'कॅम्पको' या सहकारी संस्थेने १९८६ मध्ये पुत्तूर येथे स्वतःचा चॉकलेट कारखाना सुरू केला.

यातील फरक वऱ्हाडी शेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. कापूस आपण पिकवावा आणि त्याचेच कापड दुसऱ्याकडून विकत घ्यावे, हे तो मँचेस्टरच्या काळापासून भोगतो आहे. १९७२ ची एकाधिकार कापूस खरेदी योजना त्याला भावाची हमी देण्यासाठी आली. पक्क्या मालावर मालकी तिनेही दिली नाही. पुत्तूरच्या कोको उत्पादकाने ती मिळविली. म्हणून छापावर समाधान न मानता मालकी कोणाची व मजुरी किती, हे विचारले पाहिजे. कार्डाऐवजी मेळघाटातील लवादा येथे आदिवासी कारागिरांनी घडविलेली बांबूची एखादी वस्तू दिली, तर तो पैसा जिल्ह्यातल्याच कष्टकऱ्याच्या घरी जाईल.

आणखी एक प्रश्न उरतो. सहकारी म्हणजे कोण? कचेरीतील यादी बहुधा कायम नोकरांपाशी संपते. कंत्राटी सफाई कामगार आणि दारावरचा पहारेकरी तिच्यात नसतात. चॉकलेट कोणी बनविले हे पाहणाऱ्याने ते कोणाला मिळाले नाही, हेही पाहावे. १४ फेब्रुवारीस त्यांचे तोंड गोड करावे, आणि १५ तारखेस त्यांच्या किमान वेतनाच्या मागणीपत्रावर पहिली सही आपली असावी. त्यावाचून स्वदेशी ही केवळ खरेदीची हौस ठरेल.